‘काही घेत नाही’ असं लिहिण्याआधी : गरोदर बाईला तंबाखू-दारूबद्दल कसं विचारायचं

पहिल्या तपासणीच्या केसपेपरवर दोन रकाने असतात. एक तंबाखूचा, एक दारूचा. तिथवर येईपर्यंत पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं, रक्तगट, घरात कुणाला साखर, कुणाला बीपी असे पन्नासेक प्रश्न झालेले असतात. बाई कंटाळलेली असते, बाहेर रांग असते. मग आपण मान वर न करताच म्हणतो, “सिगारेट, दारू वगैरे काही नाही ना?” आणि तिने मान हलवायच्या आत लिहून मोकळे होतो : नाही.

मीही बरीच वर्षं असंच लिहीत आले. मी मिडवाइफ आहे, गरोदर बायकांची तपासणी करते. जिथे काम करते तो देश माझा जन्माचा नाही, माझ्यासमोर बसणाऱ्या निम्म्या बायकांचाही नाही. बाकीच्या निम्म्या तिथेच जन्मलेल्या. या दोघींना हे दोन प्रश्न कसे विचारायचे, ते मी चुका करत करत शिकले. हे लिहिते आहे ते अशाच खुर्चीत नव्याने बसणाऱ्यांसाठी. ज्यांना हे प्रश्न विचारले जातात त्यांनीही वाचलं तर बरंच.

आधी माझी चूक सांगते. बाहेरच्या देशातून आलेली एक बाई. शांत, अंगभर कपडे, बोलताना नजर खाली. तिच्या देशात बायका क्वचितच सिगारेट ओढतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलंच नाही. दोन्ही रकान्यांत ‘नाही’. ३२व्या आठवड्यात टेपने पोट मोजलं तर २८ सेंटिमीटर भरलं. २४ आठवड्यांनंतर गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच येते, दोनेक सेंटिमीटर इकडेतिकडे. चारचा फरक म्हणजे सोनोग्राफी. बाळ बारीक निघालं. कारणं शोधताना शेवटी दुभाषी बाईला बसवून मी तिचा दिवस विचारला, सकाळपासून रात्रीपर्यंत. ती रात्रपाळीला साफसफाईचं काम करत होती. मधली सुट्टी अशी नव्हतीच, पण सिगारेट ओढणाऱ्यांना मात्र दहा मिनिटं बाहेर जाऊ देत. पहिले काही महिने ती आतच राबत राहिली. मग एक दिवस तीही बाहेर गेली. बसायला मिळालं, कुणीतरी बोललं, कुणीतरी पाकीट पुढे केलं. आता रात्रीला सहा-सात होत होत्या. देश सोडण्याआधी तिने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती.

माझा अंदाज तिच्या देशाबद्दल बरोबर होता. तिच्याबद्दल चुकला.

चेहरा बघून रकाना भरू नका

आकडे काय सांगतात ते आधी बघू, कारण आकड्यांचाच आधार घेऊन आपण हा आळस करतो. २०१८ साली छापलेल्या एका जागतिक अंदाजानुसार जगातल्या गरोदर बायकांपैकी १.७ टक्के धूम्रपान करतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागात हेच प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास जातं. दारूचं त्याच्या आदल्या वर्षीचं गणित : जगभरात सुमारे १० टक्के, युरोप विभागात २५ टक्के, आणि पूर्व भूमध्य विभागात जवळजवळ शून्य. त्यामुळे कमी प्रमाणाच्या देशातून जास्त प्रमाणाच्या देशात गेलेल्या बायका सरासरीने तिथल्या बायकांपेक्षा कमी ओढतात आणि कमी पितात, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या आयांबद्दल तर हे कित्येक वर्षांपासून लिहिलं जातंय.

पण दोन गोष्टी यात दडून राहतात. पहिली : ‘बाहेरून आलेली’ म्हणजे नेमकी कुठून? काही देशांत बायकांमध्ये सिगारेट सर्रास आहे, तिथून आलेली बाई ती सवय सोबत घेऊन येते. दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची : हा फरक टिकत नाही. नव्या देशात जितकी वर्षं जातात तितकी ही बाई तिथल्या बायकांसारखी होत जाते, आणि तिथे वाढलेली तिची मुलगी तर आणखीनच. म्हणून मी आता ‘कुठल्या?’ या प्रश्नापाशी थांबत नाही. ‘येऊन किती वर्षं झाली?’, ‘घरात कोण कोण असतं?’, ‘काम काय, आणि मध्ये सुट्टी कधी मिळते?’ हे तीन विचारते. त्या शेवटच्या प्रश्नाने मला जितकं सांगितलंय तितकं जन्मदेशाच्या रकान्याने कधी सांगितलं नाही.

उलट बाजूही तितकीच फसवी आहे. तिथेच जन्मलेली, कमी शिकलेली, गरिबीतली तरुण मुलगी आली की आपण सिगारेटचं विचारतोच, वर दोन शब्द सुनावतो. नीटनेटकी, शिकलेली, पस्तिशीची बाई आली की हसून पुढे जातो. बऱ्याच श्रीमंत देशांत धूम्रपान गरिबीबरोबर वाढतं हे खरं. पण गरोदरपणात अधूनमधून एखादा ग्लास घेणं मात्र बरेचदा वयाने मोठ्या, जास्त शिकलेल्या बायकांत अधिक आढळतं. माझ्याकडची अशी एकजण सहाव्या महिन्यात सहज म्हणाली, “आठवड्यातून दोनदा वाइन, जेवणाबरोबर. कोणी विचारलंच नाही, म्हणजे चालत असेल असं मला वाटलं.” तिचं काय चुकलं?

तेव्हा नियम एकच. प्रत्येकीला, त्याच शब्दांत, त्याच सुरात. आणि सुरुवातीलाच सांगायचं : “हे मी सगळ्यांना विचारते.” हे एक वाक्य खोलीतली हवा बदलतं.

प्रश्नाचे शब्द

‘धूम्रपान करता का?’ हा प्रश्न फार तोकडा आहे. हुक्का ओढणारी ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी धूम्रपान म्हणजे सिगारेट. प्रत्यक्षात हुक्क्यात कोळसा जळत असतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड चांगलाच जातो. तंबाखू चघळणारी, दातांना जळकी तंबाखू घासणारी, तपकीर ओढणारी, सगळ्याच ‘नाही’ म्हणतात, आणि कोणीही खोटं बोलत नाही. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा : ओढायची, चघळायची, दातांना लावायची, नाकात ओढायची, बॅटरीवरची. दात दुखतो म्हणून तंबाखू ठेवणारी बाई तिला औषधात धरते, व्यसनात नाही. तेव्हा ‘कशासाठीही’ हा शब्द प्रश्नात घाला.

दुभाष्यामार्फत बोलताना आणखी एक खड्डा असतो. हिंदीत सिगारेट ‘पीते हैं’, तुर्की भाषेतही सिगारेट ओढायला आणि पाणी प्यायला एकच क्रियापद. आपल्याकडेही जुनी माणसं विडी ‘पिते’ म्हणतात की. एकदा मी एका दमात विचारलं, “सिगारेट किंवा दारू घेता का?” फोनवरच्या दुभाष्याने शब्द वाचवले. त्याच्या भाषेत दोन्हींना एकच क्रियापद, त्याने एवढंच विचारलं असणार : “पिता का?” बाई दचकली आणि ठामपणे नाही म्हणाली. दारूचं उत्तर दिलं होतं तिने. सिगारेटचं पुढच्या भेटीत कळलं, पर्समधून लायटर पडला तेव्हा. तेव्हापासून एका वाक्यात एकच वस्तू, आणि वस्तूचं नाव घेऊनच.

‘हो की नाही’ असा प्रश्न शक्यतो विचारूच नका. त्याऐवजी पाच वाक्यं लिहिलेलं कार्ड तिच्या हातात द्या आणि म्हणा, “यातलं तुमचं कुठलं?” माझ्या कार्डावर असं आहे :

मी कधीच ओढली नाही, किंवा फारच थोडी, कधीकाळी.
दिवस गेल्याचं कळण्याआधीच मी सोडली, आता ओढत नाही.
कळल्यावर सोडली, आता ओढत नाही.
अजून ओढते, पण कळल्यापासून कमी केली.
अजून ओढते, पूर्वीइतकीच.

हे माझं डोकं नाही. १९९१ साली अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासात साध्या हो-नाहीऐवजी असे पर्याय दिल्यावर खरं सांगणाऱ्या गरोदर बायका सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या होत्या. कारण उघड आहे. चौथ्या वाक्यात लाज कमी आहे, ‘कमी केली’ म्हणताना बाईची मान थोडी वर राहते. तुम्हाला हवी असलेली माहिती तर मिळालीच. आमच्याकडे हे कार्ड नऊ भाषांत आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी दुभाष्याने पाचही वाक्यं सावकाश वाचायची, आणि बाईने बोटांनी आकडा दाखवायचा. तोंडाने न बोलता उत्तर देता येतं याचा काहीजणींना केवढा आधार वाटतो, हे मला आधी कळलं नव्हतं.

‘एक ग्लास’ म्हणजे किती

दारूचं मोजमाप हा वेगळाच घोळ. ‘एक ड्रिंक’ ब्रिटनमध्ये ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, बऱ्याच देशांत १० ग्रॅम, अमेरिकेत १४. म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या बाईने ‘एक’ म्हटलं तर तुमच्या डोक्यातला एक आणि तिचा एक वेगळा असू शकतो. घरी ओतलेला ग्लास तर कुठल्याच देशाच्या मापात बसत नाही.

मी टेबलाच्या खणात दोन रिकामे ग्लास आणि पाण्याची बाटली ठेवते. “तुम्ही किती ओतता ते यात ओतून दाखवा.” मग मोजपात्रात ओतून हिशेब करते : मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.८. पाच टक्क्यांची ५०० मिलिलिटर बिअर म्हणजे २० ग्रॅम. बारा टक्क्यांची १५० मिलिलिटर वाइन म्हणजे १४.४ ग्रॅम. एकीने ‘अर्धा ग्लास’ म्हणून ओतलेलं पाणी २१० मिलिलिटर भरलं होतं. तिला हसू आलं, मलाही. नंतर ती स्वतःच गप्प झाली.

आणि ‘दिवस गेल्यापासून’ एवढंच विचारू नका. ‘त्याआधीच्या तीन महिन्यांत साधारण किती?’ हे आधी विचारा. पाळी चुकून लक्षात येईपर्यंत चार-सहा आठवडे होऊन जातात, तेवढ्यात बाईने नेहमीसारखीच घेतलेली असते. आधीचं सांगायला तिला संकोच कमी वाटतो, आणि तेच सुरुवातीच्या आठवड्यांचं खरं चित्र असतं.

दुभाषी कोण

नवरा नको. सासू, शेजारीण, शाळकरी मुलगा तर मुळीच नको. दुभाष्याचं शिक्षण घेतलेलं माणूस हवं, नाहीतर फोनवरची सेवा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि गर्दीच्या दिवशी सगळे विसरतात. मीही विसरले होते. नवरा सोबत होता, चांगलं बोलत होता, म्हटलं चालून जाईल. मी तंबाखूचं विचारलं. ती जवळजवळ मिनिटभर बोलली, मध्येच दोन बोटं ओठांपाशी नेली, मग नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाकडे बोट केलं. नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, “नाही म्हणते.”

ती ओढत नव्हती हे खरंच होतं. एका खोलीच्या घरात तो ओढत होता, खिडकी बंद करून, आणि तिने नेमकं तेच सांगितलं होतं.

बसायची रचना त्रिकोणी ठेवा. दुभाषी तिच्या बाजूला थोडा मागे, तुम्ही समोर. बघायचं बाईकडे, बोलायचं बाईशी. ‘तिला विचारा की ती’ असं नाही, थेट ‘तुम्ही’. नवऱ्याला बाहेर कसं पाठवायचं हा नेहमीचा प्रश्न. आमच्याकडे वजन आणि लघवीच्या तपासणीला बाईने एकटीने आत यायचं असा नियमच करून टाकला आहे, सगळ्यांना. तेवढ्या सात मिनिटांत हे प्रश्न होतात. मारहाणीचा प्रश्नही तिथेच.

कागद कुठे जाणार हेही तिला सांगा, तिने विचारायची वाट बघू नका. परक्या देशातून आलेल्या बाईला भीती असते की हे सरकारी कचेरीत जाईल, राहण्याच्या परवान्यात अडकेल, मूल काढून घेतील. तिथेच जन्मलेल्या गरीब बाईलाही मुलाची भीती असतेच, कधी तर जास्त, कारण तिने तसं घडताना पाहिलेलं असतं. तुमच्याकडचा नियम आधी नीट माहीत करून घ्या आणि तेवढंच सांगा. जे पाळता येणार नाही असं आश्वासन देऊ नका.

फुंकायचं यंत्र

कार्बन मोनॉक्साइड मोजायचं हातात मावणारं यंत्र असेल तर वापरा. दीर्घ श्वास, पंधरा सेकंद रोखून धरायचा, मग सावकाश शेवटपर्यंत फुंकायचं. इंग्लंडमध्ये ४ किंवा त्याहून जास्त आकडा आला की सिगारेट सोडवणाऱ्या सेवेकडे पाठवतात. पण हे यंत्र पोलिसासारखं काढलंत तर सगळं बिघडलं. “खोटं बोललात ना?” ही नजर नको. मी म्हणते, “तुमच्या आजूबाजूच्या हवेत काय आहे ते बघू या.”

हे नुसतं गोड बोलणं नाही. एकदा कधीच सिगारेट न ओढलेल्या बाईचा आकडा ११ आला, नवराही ओढणारा नव्हता. ती राहत होती त्या खोलीतला गॅसचा हीटर सदोष निघाला. भाड्याच्या दाटीवाटीच्या घरांत हे घडतं, आणि तो विषारी वायू वासाने कळत नाही. दुधातली साखर न पचणाऱ्यांच्या श्वासात हायड्रोजन वाढतो, त्यानेही काही यंत्रं फसतात. शिवाय दिवस-दीड दिवसापूर्वीचं यंत्राला दिसत नाही, आणि चघळलेली तंबाखू तर अजिबातच दिसत नाही. म्हणजे आकडा कमी आला म्हणून कार्ड बाजूला ठेवायचं नाही.

काय सांगायचं, किती सांगायचं

थोडं आणि खरं. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. बाळाला मिळायचा प्राणवायू तिथेच अडतो. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे बाळाचं वजन सरासरी २०० ग्रॅमने कमी भरतं, वार आधीच सुटण्याचा, दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा, मूल पोटातच दगावण्याचा आणि जन्मानंतर झोपेत अचानक जाण्याचा धोका वाढतो. चघळायच्या तंबाखूत धूर नसला तरी निकोटीन असतंच, आणि कमी वजन, अपुऱ्या दिवसांचं बाळ, मृत जन्म यांच्याशी तिचाही संबंध सापडलेला आहे. ‘बाळ लहान असेल तर सुटका सोपी होते’ हे मी दोन्हीकडच्या बायकांकडून ऐकलंय. बारीक बाळाला कळा सोसवत नाहीत, हे त्यावरचं उत्तर.

दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जाते, आणि ती पचवायला त्याचं यकृत तयार नसतं. १९६८ साली फ्रान्समधल्या नान्त शहरात पॉल लमॉइन यांनी दारू पिणाऱ्या आयांच्या १२७ मुलांची नोंद केली. पाच वर्षांनी अमेरिकेत सिएटलमध्ये केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी अशा मुलांत दिसणाऱ्या आजाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. अरुंद डोळे, नाकाखालची खळी सपाट, वरचा ओठ पातळ ही चेहऱ्यावरची चिन्हं. पण बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, नुकसान मेंदूत असतं आणि शाळेत गेल्यावर कळतं. किती घेतली तर चालते? सुरक्षित असं प्रमाण सापडलेलं नाही, म्हणून शून्य. वाइन असो, बिअर असो, अल्कोहोल तेच.

आणि लगेच पुढचं वाक्य : आज सोडलं तरी फायदा आहे. न कळता घेतलेल्या दोन ग्लासांवर रात्र रात्र रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. झालेल्यावर बोलत बसू नका. पंधराव्या आठवड्याच्या आत सिगारेट सुटली तर अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाचं प्रमाण न ओढणाऱ्या बायकांइतकंच राहतं, असं २००९ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. मी हे तारीख काढून सांगते : “तुमचा पंधरावा आठवडा अमुक तारखेला सुरू होतो.” तारीख दिली की बाई हिशेब करते. आणि पंधरावा उलटून गेला असेल तर ही तारीख उच्चारूच नका, तिथे ‘आजपासून’ एवढंच पुरे.

सोडताना

सिगारेट कमी करणं हे सोडणं नव्हे. दहाच्या पाच केल्या तर बाई त्या पाचांचे झुरके खोल घेते आणि थोटकापर्यंत ओढते. तरीही पाचवर आलेल्या बाईला शाबासकी द्या, फक्त तिथे थांबू नका.

गरोदरपणात शरीर निकोटीन एरवीपेक्षा बरंच लवकर संपवतं. म्हणून तलफही लवकर लवकर येते. ‘इच्छाशक्ती कमी आहे’ असं ज्यांना आयुष्यभर ऐकवलं गेलंय त्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बदलतो. याच कारणाने निकोटीनचा पॅच कधी कधी पुरा पडत नाही. पॅच किंवा गम गरोदरपणात द्यायचा की नाही यावर देशोदेशी नियम वेगळे, डॉक्टरांना विचारून ठरवा. दिलाच तर पॅच रात्री काढून ठेवायचा. व्यसन सोडवायच्या गोळ्या गरोदरपणात सहसा देत नाहीत.

तलफ काही मिनिटांचीच असते, ती मिनिटं कशी काढायची हे तिच्या दिवसावरून ठरवा, पुस्तकावरून नाही. रात्रपाळीवाल्या त्या बाईला मी चिठ्ठी लिहून दिली : गरोदर असल्याने दर दोन तासांनी दहा मिनिटं बसण्याची विश्रांती द्यावी. सिगारेटशिवाय बसायला मिळालं. सहा-सातवरून ती दोनवर आली, मग पंधरा दिवसांनी शून्यावर. यंत्रावर १४ होते ते २ झाले, तो आकडा तिने फोनमध्ये फोटो काढून ठेवला. बाळ २५५० ग्रॅमचं झालं.

बक्षिसाची कल्पना काहींना खटकते, मलाही आधी खटकली होती. पण ग्लासगोत २०१५ साली छापलेल्या प्रयोगात सोडल्याबद्दल खरेदीची कुपनं दिलेल्या गरोदर बायकांपैकी २२.५ टक्क्यांनी सिगारेट सोडली, नेहमीचीच मदत मिळालेल्यांत ८.६ टक्क्यांनी. आता मी तत्त्वाचा वाद घालत नाही.

दारूबाबत मात्र एक सावधगिरी, आणि ही विसरायची नाही. रोज भरपूर पिणाऱ्या, सकाळी हात थरथरणाऱ्या बाईला ‘आजपासून बंद’ सांगून घरी पाठवू नका. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो. आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. अशा बाईला त्याच दिवशी दवाखान्यात दाखल करायचं, तिथे औषधाखाली सुटते. अधूनमधून घेणारीने आजच थांबवलं तरी काही होत नाही.

घरातल्यांचं काय? नवरा ओढत असेल तर त्यालाही त्याच आठवड्यात बोलवा. खिडकी उघडून किंवा दुसऱ्या खोलीत ओढून उपयोग नाही. घराबाहेर, दार लावून.

जी तपासणीला यायचीच बंद झाली

तिथेच जन्मलेली एकजण, चोविशीतली, तिसरं बाळंतपण. दोन भेटींनंतर गायब. फोन केला तर म्हणाली, “काय सांगू, तीच वाक्यं परत ऐकायला यायचं?” आधीच्या दोन गरोदरपणांत तिला प्रत्येक भेटीत सिगारेटवरून सुनावलं गेलं होतं, आणि कोणी सोडायला मदत मात्र केली नव्हती. बाहेरून आलेल्या बाईला आपण विचारत नाही, हिला विचारण्याऐवजी झापतो. तिला परत आणायला मला एवढंच कबूल करावं लागलं की ती स्वतः विषय काढेपर्यंत मी काढणार नाही. चौथ्या भेटीत तिनेच काढला. चार महिने घर सोडून गेलेला जोडीदार, दोन लहान पोरं, आणि दाराबाहेरची ती सिगारेट म्हणजे दिवसातली एकमेव पाच मिनिटं जेव्हा तिला कोणी हाक मारत नव्हतं. रात्रपाळीवाल्या बाईची दहा मिनिटं मला तिथेच आठवली.

बाळंतपणानंतर

गरोदरपणात सोडलेल्यांपैकी कितीतरी जणी पहिल्या काही महिन्यांत पुन्हा सुरू करतात. बाळासाठी सोडलं, बाळ तर झालं. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर मी तीन गोष्टी लिहिते, तिच्या भाषेत. पहिली : आई किंवा वडील ओढणारे असतील, किंवा त्या रात्री दारू घेतलेली असेल, तर बाळाला आपल्या बिछान्यात झोपवायचं नाही. दुसरी : दुधात दारू तितकीच असते जितकी रक्तात. दूध काढून टाकल्याने ती लवकर उतरत नाही, एका ड्रिंकमागे किमान दोन तास जाऊ द्यावे लागतात. तिसरी : माझ्या फोनची तारीख. सहा आठवड्यांनी एक, तीन महिन्यांनी एक. फोनवर पहिला प्रश्न बाळाच्या दुधाचा आणि तिच्या झोपेचा, मग कार्डावरची तीच पाच वाक्यं, क्रमाने, आणि ती आकडा सांगते.